काकी लिमाच्या सावलीत

मलेशियातल्या पेनांग बेटावरचं जॉर्जटाऊन पायी हिंडायचं असेल तर भल्या सकाळी निघावं. ऊन चढलं की आर्मेनियन स्ट्रीटवरच्या सायकलसमोर रांग लागते. सायकल खरीखुरी, भिंतीला ठोकून बसवलेली. तिच्यावरची बहीण आणि मागून तिला बिलगलेला धाकटा भाऊ मात्र रंगवलेले. 2012 साली जॉर्जटाऊन फेस्टिव्हलसाठी लिथुआनियन चित्रकार अर्नेस्ट झाकारेविच याने शहरातल्या काही भिंती रंगवल्या, त्यातलं हे सर्वांत गाजलेलं चित्र. आह क्वी स्ट्रीटवर त्याचा मोटरसायकलवाला मुलगा आहे. तिथेही गाडी खरी, स्वार रंगाचा.

रांगेत उभं राहायचा मला कंटाळा. म्हणून मी चित्राच्या कडेची भिंत बघत बसलो, आणि तीच जास्त बोलकी निघाली.

जॉर्जटाऊन 1786 साली ईस्ट इंडिया कंपनीच्या फ्रान्सिस लाइटने वसवलं. खाली दुकान, वर बिऱ्हाड अशा घरांच्या रांगा आणि दुकानापुढे छप्पर असलेली पाच फुटी पायवाट, हा इथला घाट. त्या पायवाटेला मलय भाषेत ‘काकी लिमा’ म्हणतात. काकी म्हणजे फूट, लिमा म्हणजे पाच. मराठी कानाला कुठल्या तरी काकूचं नाव वाटतं, आणि ऊन-पावसात ती पायवाट सांभाळतेही तशीच.

या घरांत माणसं टिकली ती भाडे नियंत्रणामुळे. 1948पूर्वीच्या इमारतींची भाडी 1966च्या कायद्याने बांधलेली होती. 1997 साली तो कायदा रद्द करायचं ठरलं आणि 2000 उजाडताना संरक्षण संपलं. गिरगाव-परळच्या वाचकाला ही गोष्ट परकी वाटणार नाही. मुंबईत 1947च्या कायद्याने भाडी 1940च्या पातळीवर गोठवली होती. महाराष्ट्राचा नवा भाडे कायदाही 2000च्याच मार्चअखेर लागू झाला, पण त्याने जुन्या भाडेकरूंचं छत्र काढलं नाही. पेनांगमध्ये ते निघालं. शिंपी, सुतार, टोपल्या विणणारे बाहेर पडले. रिकाम्या माड्यांवर काही मालकांनी पाकोळ्या पाळल्या. त्यांच्या खाद्य घरट्यांना चिनी बाजारात मोठा भाव. पाखरांना भुलवायला त्यांच्याच आवाजाच्या ध्वनिफिती लावत.

2008च्या जुलैमध्ये मलाक्कासह जॉर्जटाऊन युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं. पुढच्याच वर्षी राज्य सरकारने शहर सजवण्यासाठी स्पर्धा घेतली. तिच्यातून लोखंडी सळ्या वाकवून केलेली 52 व्यंगचित्रं भिंतींवर चढली. मला ती सायकलपेक्षा आवडतात, कारण ती जागेचं काही सांगतात. सू हाँग लेन या चिंचोळ्या बोळात अडकलेली सायकलरिक्षा दिसते. लीथ स्ट्रीटवरचं चित्र सांगतं की जगप्रसिद्ध जिमी चू इथे जोडे शिवायला शिकला. मात्र सळ्यांचा तो चांभार पाहून झाल्यावर खरा चांभार शोधायला गेलात, तर शेजारी कॉफीचं दुकान भेटण्याची शक्यता अधिक.

आणि चुना. इथल्या भिंती विटांच्या, वर चुन्याचा गिलावा. जमिनीची ओल भिंतीत चढते आणि चुन्यातून हवेत निघून जाते; म्हणून असल्या भिंतीला वरचेवर नवा हात द्यावा लागतो. दिवाळीआधी चुन्यात चिमूटभर नीळ घालून भिंती उजळणाऱ्या घरांत वाढलेल्यांना हे सांगायला नको. चाँग फाट त्झे या धनिकाची लीथ स्ट्रीटवरची हवेली तर निळीच्या चुन्यानेच निळीशार आहे, आणि ती नीळ भारतातून यायची. या हवेलीच्या जीर्णोद्धाराला 2000 साली युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला. चुन्यावर हवाबंद रंगाचा थर बसला की ओल आत कोंडते आणि पोपडे धरतात. सायकलवरच्या मुलांच्या अंगावरून भेगा गेल्या त्या उगाच नाहीत. ही चित्रं डागडुजी करून टिकवावीत असा एक आग्रह आहे. मला तो पटत नाही. जपायची ती भिंत, आणि जमलं तर तिच्यामागचा भाडेकरू.

च्यू जेटीवर, समुद्रात खांबांवर उभ्या असलेल्या चिनी कुळाच्या वस्तीत, झाकारेविचने 2012 सालीच होडीतली मुलं रंगवली होती. खाऱ्या वाऱ्यात ते चित्र काही वर्षांतच पार फिकटलं. वस्तीत च्यू आडनावाची माणसं अजून राहतात.