सैदापेटच्या पुलावरचा अर्धा तास

चेन्नईत सैदापेटजवळ अड्यार नदीवर मरैमलै अडिगळ यांच्या नावाचा पूल आहे. फेब्रुवारी २०१४मधल्या एका दुपारी तिथली वाहतूक उंचावरून कॅमेऱ्यात टिपली गेली. रस्त्याचा तुकडा २४५ मीटरचा, वेळ अर्धा तास. तेवढ्यात तिथून ३,००५ वाहनं गेली. संशोधकांनी मग ते चित्रण उलगडत प्रत्येक वाहन दर अर्ध्या सेकंदाला नेमकं कुठे होतं याची नोंद केली. किती पुढे सरकलं एवढंच नव्हे, डावी-उजवीकडे किती झुकलं हेसुद्धा. वेंकटेशन कनगराज, गौरी असैतंबी आणि त्यांच्या परदेशी सहकाऱ्यांनी ही सगळी माहिती २०१५मध्ये प्रसिद्ध केली आणि जगभरच्या अभ्यासकांसाठी खुली ठेवली.

या अर्ध्या तासाचं एवढं अप्रूप का, ते कळायला थोडं मागे जावं लागेल. १९३०च्या दशकात अमेरिकेतल्या ओहायो राज्यात ब्रूस ग्रीनशील्ड्स नावाच्या अभियंत्याने रस्त्याकडेला कॅमेरा लावून मोटारींची छायाचित्रं घेतली आणि गर्दी वाढली की वेग कसा उतरतो याचं साधं सूत्र मांडलं. पुढचं बरंचसं वाहतूकशास्त्र त्या पायावर उभं राहिलं. त्या जगात रस्त्यावर मोटारीच मोटारी होत्या आणि प्रत्येक मोटार आपल्या मार्गिकेत पुढच्या मोटारीच्या मागून मुकाट्याने जात होती.

सैदापेटच्या पुलावर निम्म्याहून जास्त वाहनं दुचाकी होती. बस आणि रिक्षा यांच्यामधल्या हातभर फटीतून मोटारसायकल निघते. सिग्नल लाल असला की दुचाक्या मिळेल त्या वाटेने झिरपत थेट पहिल्या रांगेत येतात. इथे कोण कुणाच्या मागे आहे हेच ठरत नाही, मग ‘पुढच्या गाडीच्या मागून जाणाऱ्या गाडीचं’ सूत्र लावायचं कुणाला? आपल्याकडे यावर वापरला जाणारा तोडगा असा, की सगळ्या वाहनांचं मोटारींत रूपांतर करायचं. बस म्हणजे दोन-तीन मोटारी, दुचाकी म्हणजे मोटारीचा अमुक अंश. हिशेब जुळतो, पण मोटारीचा अंश कधी फटीतून निघून जात नाही.

अशा ठिकाणी न्यूरल नेटवर्क उपयोगी पडतं, कारण त्याला आधी सूत्र सांगावं लागत नाही. आत संख्या जातात: वाहनाचा वेग, आजूबाजूची मोकळी जागा, शेजारी बस आहे की रिक्षा. या संख्यांना वेगवेगळ्या वजनांनी गुणून, बेरजा करून, थरामागून थर ओलांडत बाहेर एक अंदाज येतो: पुढच्या अर्ध्या सेकंदात हे वाहन इथे असेल. पहिला अंदाज साफ चुकतो. चूक किती झाली ते मोजायचं, त्या चुकीत कोणत्या वजनाचा किती वाटा होता हे मागे मागे जात शोधायचं आणि प्रत्येक वजन किंचित हलवायचं. तबलजी गठ्ठे ठोकत, शाईवर बोट मारून ऐकत, पुन्हा ठोकत तबला सुरात आणतो, तसंच हे. फक्त इथे गठ्ठे हजारो आणि ठोके लाखो. चूक मागे वाटत नेण्याची ही रीत रुमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्स यांच्या १९८६च्या लेखानंतर सर्वत्र पसरली. मला यात थक्क करणारी गोष्ट ही वाटते, की ‘दुचाकी फटीतून जाते’ हे वाक्य त्या यंत्रात कुठेही लिहिलेलं नसतं. वजनं जुळता जुळता ते आपोआप उमटतं.

पण हे सगळं व्हायला प्रत्येक संख्येला पत्ता हवा. ही वस्तू पृथ्वीवर कुठे आहे? या प्रश्नाला चेन्नईत जुना इतिहास आहे. सैदापेटहून फार लांब नसलेल्या सेंट थॉमस माउंटच्या, म्हणजे परंगिमलैच्या, परिसरात १० एप्रिल १८०२ रोजी सर्वेक्षक विल्यम लॅम्बटनने पोलादी साखळीने जमीन मोजायला सुरुवात केली. शंभर फुटांची साखळी, साडेसात मैलांची रेषा, ५७ दिवस. या रेषेवर त्रिकोणामागून त्रिकोण रचत भारताचा नकाशा हिमालयापर्यंत पोहोचला. आज त्याच भागातून धावणाऱ्या बसमधली जीपीएसची डबी दर काही सेकंदांना आपला पत्ता सांगते, आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही.

नकाशाची आजची सॉफ्टवेअर, ज्यांना जीआयएस म्हणतात, ती या पत्त्यांचे थर एकावर एक ठेवतात: रस्ते, थांबे, वस्त्या, शाळा, नद्या. मग त्यांना प्रश्न विचारता येतात. या थांब्यापासून पाचशे मीटरच्या आत किती माणसं राहतात? चेन्नईत हा प्रश्न जपून विचारावा लागतो. कूवम आणि अड्यार या नद्या आणि बकिंगहॅम कालवा शहर कापत जातात, त्यामुळे नकाशावर हाकेच्या अंतरावर दिसणारं ठिकाण पूल गाठून जायचं तर बरंच लांब पडतं. बीच स्थानकाहून वेलाचेरीकडे जाणारी उन्नत रेल्वे बरीचशी या कालव्याच्या काठाने जाते. जागा तिथे मिळाली म्हणून मार्ग तिथे गेला, आणि कित्येक वर्षं तिला अपेक्षेएवढे प्रवासी मिळाले नाहीत. याला अनेक कारणं आहेत, पण स्थानकापर्यंत पायी पोहोचण्याची वाट हे त्यातलं मोठं कारण, असं माझं मत. सरळ रेषेतलं अंतर आणि चालायचं अंतर यांतला फरक आजचं सॉफ्टवेअर क्षणात दाखवतं.

बसच्या डबीतून आलेल्या पत्त्यांवर आयआयटी मद्रासमध्ये बरीच वर्षं काम चाललं आहे. लेलिता वनजाक्षी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९मध्ये दाखवलेली एक पद्धत तर साधेपणानेच मोहात पाडते. मार्गाचे छोटे छोटे तुकडे करायचे. याआधीच्या दोन बसना प्रत्येक तुकड्यात किती वेळ लागला ते बघायचं आणि त्यावरून तिसऱ्या बसचा अंदाज बांधायचा, बस पुढे सरकेल तसा तो सुधारत न्यायचा. सुधारण्याचं गणित रुडॉल्फ काल्मनचं, १९६०चं. अपोलो यानांना चंद्राची वाट दाखवायला हेच गणित वापरलं गेलं होतं!

न्यूरल नेटवर्क म्हणजे सर्व दुखण्यांवर एकच मात्रा, असंही नाही. याच वनजाक्षींनी त्याआधी, २००४मध्ये, अमेरिकेतल्या रस्त्यांच्या माहितीवर न्यूरल नेटवर्कची तुलना दुसऱ्या एका गणिती पद्धतीशी केली होती. शिकवायला माहिती थोडी किंवा गढूळ असेल, तर ती दुसरी पद्धत चांगला पर्याय ठरते असं त्यात दिसलं. आपल्या शहरांत माहिती बहुधा थोडी आणि गढूळच असते.

शिवाय नेटवर्क शिकतं ते घडून गेलेल्या गोष्टींवरून. डिसेंबर २०१५च्या पहिल्या दोन दिवसांत चेन्नई पाण्याखाली गेली, तेव्हा कोरड्या रस्त्यांवर शिकलेल्या कुठल्याही यंत्राचा उपयोग नव्हता. त्या वेळी कामाला आला तो अरुण गणेश या नकाशाकाराचा, लोकांनीच घडवलेल्या ओपनस्ट्रीटमॅपवर उभारलेला नकाशा. त्यावर लोक आपापल्या गल्लीवर बोट ठेवून ‘इथे पाणी आहे’ एवढं सांगत होते.

सरकारचा एखादा निर्णयही यंत्राला असाच बुचकळ्यात टाकतो. मे २०२१मध्ये तामिळनाडूत शहरी साध्या बसमधून बायकांचा प्रवास मोफत झाला. घरकामाला जाणारी बाई, जी दोन थांबे पायी तुडवत होती, ती बसमध्ये चढली तर ती जुन्या आकड्यांत सापडणार कशी? तिकीट परवडत नाही म्हणून न झालेला प्रवास कुठल्याच नोंदवहीत नसतो. नियोजन करणाऱ्याने यंत्राचा अंदाज घ्यावा आणि त्या बाईलाही विचारावं.

महाराष्ट्रातही १७ मार्च २०२३पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. वाहकाच्या यंत्रातून निघणाऱ्या तिकिटावर प्रवाशाचं नाव नसतं. कुठून, कुठे आणि केव्हा, एवढंच असतं. त्या तारखेच्या आधीच्या आणि नंतरच्या या नोंदी महामंडळाने अभ्यासकांना खुल्या कराव्यात, आणि आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी त्या मागायला जावं.