तू कुठला? – अराता इझुमीची गोष्ट आणि आपली लेकरं



दिवाळीनंतर आपल्या परभणी जिल्ह्यातल्या कितीतरी वर्गांतली बाकं रिकामी होतात. गंगाखेड, पालम, जिंतूर भागातली कुटुंबं ऊसतोडीला जातात, काही पुण्या-मुंबईकडं कामाला जातात. उन्हाळ्याच्या तोंडावर लेकरं परत येतात. अशा एखाद्या लेकराला आपण सहज विचारतो, "बाळा, तू कुठला?" आणि ते गप्प बसतं. जन्म साखर कारखान्याजवळच्या कोपीत, शाळेत नाव इथं, वर्षातले पाच-सहा महिने तिकडं. काय सांगणार?

हाच प्रश्न एका फुटबॉलपटूला आयुष्यभर विचारला गेला. त्याचं उत्तर द्यायला त्याला काय काय सोडावं लागलं, हे वर्गात सांगण्यासारखं आहे.

जन्म जपानमध्ये, नाव कमावलं पुण्यात

त्याचं नाव अराता इझुमी. जन्म ३१ जुलै १९८२, जपानच्या यामागुची प्रांतातलं शिमोनोसेकी हे गाव. आई जपानी, वडील भारतीय, मूळचे गुजराती. तो लहानाचा मोठा जपानमध्ये झाला, फुटबॉलही तिथंच शिकला. सिंगापूरमध्ये खेळून २००६ मध्ये तो कोलकात्याच्या ईस्ट बंगाल संघात आला. पुढं मुंबईच्या महिंद्रा युनायटेडकडून खेळला आणि २००९ पासून पुणे एफसीकडून. पुण्यातल्या बालेवाडीच्या मैदानावर त्यानं अनेक वर्षं घाम गाळला. २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये पुणे एफसीनं दुसरा क्रमांक मिळवला, त्या संघात तो होता.

पण एक अडचण होती. वडील भारतीय असले तरी पासपोर्ट जपानचा. त्यामुळं क्लबच्या यादीत त्याचं नाव 'परदेशी खेळाडू' म्हणून लागायचं. ज्या देशात रोज खेळतो, जिथली माणसं नावानं हाक मारतात, त्या देशाचा निळा शर्ट मात्र त्याला घालता येत नव्हता.

नियम काय सांगतो?

इथं मुलांना दोन नियम समजावून द्यावे लागतील.

पहिला जागतिक संघटनेचा, म्हणजे फिफाचा. खेळाडू ज्या देशाकडून खेळणार, त्या देशाचं नागरिकत्व त्याच्याकडं हवं. नागरिकत्व नंतर घेतलं असेल तर त्या देशाशी खरं नातंही दाखवावं लागतं. स्वतःचा जन्म तिथला, आई किंवा वडिलांचा जन्म तिथला, आजी किंवा आजोबांचा जन्म तिथला, नाहीतर तिथं ठरावीक वर्षं वास्तव्य. म्हणजे फिफाच्या दारात रक्ताचं नातं चालतं.

दुसरा नियम आपल्या देशाचा. आपली राज्यघटना दुहेरी नागरिकत्व मान्य करत नाही. अनुच्छेद ९ आणि १९५५ चा नागरिकत्व कायदा वाचला की हे कळतं. परदेशातल्या भारतीय वंशाच्या लोकांना ओसीआय कार्ड मिळतं. त्यावर भारतात राहता येतं, नोकरी करता येते, पण मतदान करता येत नाही. डिसेंबर २००८ पासून केंद्र सरकारचं धोरणही स्पष्ट झालं, की राष्ट्रीय संघात खेळायचं तर भारताचाच पासपोर्ट हवा. ओसीआय कार्ड तिथं उपयोगाचं नाही.

आता दोन्ही नियम एकत्र ठेवून बघा. फिफा म्हणतं, वडील भारतीय आहेत ना, मग ये. भारत म्हणतो, ये, पण आधीचा पासपोर्ट ठेवून ये. जपानमध्येही दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वतःहून घेतलं की जपानी नागरिकत्व जातं. म्हणजे अरातासमोर मधला रस्ताच नव्हता.

त्यानं काय सोडलं?

त्यानं जपानी नागरिकत्व सोडलं, भारताचं घेतलं आणि नीलकंठ खंबोलजा हे नाव धारण केलं. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी कोची इथं पॅलेस्टाईनविरुद्ध तो भारताकडून मैदानात उतरला. वय तीस वर्षांचं. आपण तो सामना ४-२ नं हरलो.

मुलं हमखास विचारतील, "सर, मग फायदा काय झाला?" प्रश्न चांगला आहे, टाळू नका. तिशीत फुटबॉलपटूच्या हाती थोडी वर्षं उरलेली असतात. त्याची भारतीय संघातली कारकीर्द छोटीच राहिली. आणि भारतीय पासपोर्टवर जपानला जायचं तर व्हिसा लागतो. म्हणजे ज्या गावात जन्मला, तिथं जायला त्याला परवानगी काढावी लागणार. हा सौदा नफ्या-तोट्याच्या हिशेबात बसत नाही. पुढं तो इंडियन सुपर लीगमध्ये कोलकाता, पुणे आणि केरळच्या संघांकडून खेळला आणि नंतर इथंच मुलांना शिकवणारा प्रशिक्षक झाला. शर्ट उतरला तरी तो परत गेला नाही. माझ्या मते त्याचं उत्तर यात आहे.

उत्तर प्रत्येकाचं वेगळं

पण म्हणून वडिलांचा देश निवडला तोच खरा, असं मुलांना शिकवू नका. ही चूक आपल्याकडून सहज होते.

सरप्रीत सिंग भारतीय आईवडिलांच्या पोटी ऑकलंडला जन्मला आणि न्यूझीलंडकडून खेळतो. त्यात गैर काही नाही. इन्याकी आणि निको विल्यम्स हे सख्खे भाऊ स्पेनमध्ये जन्मले. आईवडील घानाहून मोठ्या हालअपेष्टा सोसून आलेले. २०२२ च्या विश्वचषकात थोरला घानाकडून खेळला, धाकटा स्पेनकडून. एकच घर, एकच आई, दोन शर्ट. त्याच स्पर्धेत ६ डिसेंबरला मोरोक्को आणि स्पेन समोरासमोर आले. शेवटची निर्णायक पेनल्टी मारली अशरफ हकिमीनं. तो माद्रिदचा, म्हणजे स्पेनच्याच राजधानीत जन्मलेला, पण खेळत होता आईवडिलांच्या मोरोक्कोकडून.

आपल्याकडचं ताजं उदाहरण रायन विल्यम्सचं. जन्म ऑस्ट्रेलियातल्या पर्थचा, आई मुंबईच्या अँग्लो-इंडियन घरातली. आजोबा संतोष करंडकात मुंबईकडून खेळलेले. हा ऑस्ट्रेलियाकडून एक मैत्रीपूर्ण सामना खेळलेला होता. पुढं बेंगळुरूच्या संघात आला आणि २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व सोडून भारतीय झाला. आजोबांच्या शहराचा धागा नातवानं असा पुन्हा धरला.

वर्गात हे कसं घ्यायचं?

फुटबॉल बाजूला ठेवून आपल्या जिल्ह्याकडं या. मुलांना घरी जाऊन आजी-आजोबांना विचारायला सांगा, "तुमचा जन्म झाला तेव्हा आपलं गाव कोणत्या राज्यात होतं?" परभणीत १९४५ साली जन्मलेला माणूस निजामाच्या राजवटीत जन्मला. १९४८ नंतर तो भारताच्या हैदराबाद राज्यात राहिला, १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. ओटा तोच, पत्ता बदलत गेला. तसंच हिंगोलीचं. १ मे १९९९ ला हिंगोली वेगळा जिल्हा झाला, पण त्याआधी जन्मलेल्या तिथल्या माणसाचा जिल्हा परभणीच. सरकारी रेषा बदलते, माणूस तिथंच असतो. काही वेळा रेषा तिथंच राहते आणि माणसाला जावं लागतं. मुलांना दोन्ही कळू द्या.

मग फळ्यावर तीन रकाने करा: जन्म कुठं, राहतो कुठं, आपलं वाटतं कुठं. प्रत्येकानं आपापलं भरायचं. तिन्ही उत्तरं एकच असली तरी छान, वेगवेगळी असली तरी छान. ऊसतोडीहून आलेलं लेकरू या तासाला पहिल्यांदा बोलतं, हा माझा अनुभव आहे. एकानं तिसऱ्या रकान्यात लिहिलं होतं, "जिथं आई असेल तिथं." त्यावर मला काही शिकवावं लागलं नाही.

शेवटी आपलं काम

अराताला कागद बदलायला काही वर्षं लागली. तो मोठा होता, त्यानं वाट पाहिली. आपलं लेकरू दुसरीत असतं, त्याला वाट पाहायला लावू नका. शिक्षण हक्क कायदा २००९ सांगतो, की शाळा सोडल्याचा दाखला आला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही आणि लांबवताही येत नाही. स्थलांतरित मुलांसाठी आपल्या राज्यात शिक्षण हमी कार्ड आहे. गावातून निघतानाच ते पालकांच्या हातात द्या आणि कशासाठी आहे तेही सांगा. पालकहो, तुम्हीही ते मागून घ्या, पिशवीत जपून ठेवा. जिथं उतराल तिथल्या शाळेत दाखवा.

आणि लेकरू परत आलं की "तू कुठला?" असं विचारण्याआधी एवढंच म्हणा, "आलास का? ये, तुझी जागा ठेवली आहे."