मेंदूचे सोबती : भाग सहावा – काकडीचं मीठ आणि मेंदूची सूज

अथालच्या पुलावरून सिल्वासा-नरोली अशी रोज ये-जा करणाऱ्यांना पावसाळ्यातली दमणगंगा वेगळी सांगायला नको. वर मधुबन धरणाचे दरवाजे उघडले की पात्र बघता बघता भरतं. पण नदीला पसरायला काठ तरी असतो. कवटीत तेवढीही सोय नाही. सुमारे १,४०० ग्रॅमचा मेंदू, थोडं रक्त आणि दीडशे मिलिलिटरच्या आसपास द्रव, एवढं सगळं त्या हाडाच्या डब्यात गच्च बसवलेलं. तिथे एक गोष्ट फुगली की दुसरी चेपणारच.

गेल्या आठवड्यात आपण अॅस्ट्रोसाइट पाहिल्या, म्हणजे चांदणीसारखे हातपाय पसरलेल्या आधारपेशी. मोटारसायकलवरून पडून डोक्याला जोरात मार लागला की याच पेशी ठळकपणे फुगतात. त्यांना फुगवणारं रसायन बाहेरून आलेलं विष नसतं. ते मेंदूच्या रोजच्या वापरातलं ग्लुटामेट असतं.

चेतापेशी एकमेकींना निरोप धाडतात ते रसायनांच्या हातून. यांनाच न्यूरोट्रान्समीटर म्हणतात. ‘जागी हो, काम कर’ हा निरोप बहुतेक वेळा ग्लुटामेट नेतं. निरोप पोचला की ते लगेच उचललं गेलं पाहिजे, नाहीतर पुढची पेशी उत्तेजित होऊन होऊन मरते. ही उचलाउचल अॅस्ट्रोसाइट करते. पण ग्लुटामेटचा एक रेणू आत घेताना तिला त्याच्यासोबत सोडियमचे ३ आयनही आत घ्यावे लागतात.

सोडियम म्हणजे मिठातलाच एक घटक. कोशिंबिरीसाठी चिरलेल्या काकडीवर मीठ घाला आणि दहा मिनिटांनी वाडगं बघा. काकडी लिबलिबीत झालेली आणि तळाशी पाणी सुटलेलं. मीठ जिकडे, तिकडे पाणी. काकडीत मीठ बाहेर असतं म्हणून पाणी बाहेर येतं. अॅस्ट्रोसाइटमध्ये ते आत साठतं म्हणून पाणी आत शिरतं.

एरवी ही पेशी आत आलेलं सोडियम पंपाने बाहेर टाकत राहते. पंपाला ऊर्जा लागते. मार बसलेल्या भागात रक्त कमी पोचतं, ऊर्जा तुटपुंजी पडते, आणि नेमक्या त्याच वेळी जखमी चेतापेशी ग्लुटामेट आणि पोटॅशियम भसाभस ओततात. पाण्याला वाट आयती असते. रक्तवाहिन्यांना लपेटलेल्या अॅस्ट्रोसाइटच्या पावलांवर अॅक्वापोरिन-४ नावाची पाण्याची दारं दाटीने बसलेली असतात. ही दारं जन्मतःच नसलेल्या उंदरांच्या मेंदूला पक्षाघातानंतर कमी सूज येते, हे २००० साली दिसून आलं.

आता या विषयातली मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट. फुगलेली पेशी स्वतःला हलकं करण्यासाठी आतला माल बाहेर टाकते, आणि त्या मालात ग्लुटामेटही असतं! अमेरिकेत हॅरॉल्ड किमेलबर्ग आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये प्रयोगशाळेत वाढवलेल्या उंदराच्या अॅस्ट्रोसाइटमध्ये हे दाखवलं. जिने पूर उपसायचा, तीच पुरात भर घालते. म्हणूनच मेंदूची सूज एकदा सुरू झाली की आपल्याच जोरावर वाढू शकते.

सूज वाढवणारा दुसरा निरोप्या नॉरअॅड्रेनालिन. मार बसताच त्याचा लोट उठतो आणि मेंदूतला द्रव बाहेर वाहून नेणाऱ्या वाटा मंदावतात. उंदरांमध्ये औषधांनी त्याला अडवल्यावर सूज कमी झाली, असं २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेलं संशोधन सांगतं. माणसासाठी तो उपचार अजून ठरलेला नाही.

दवाखान्यात आज वापरात आहे ती काकडीचीच युक्ती, उलट्या बाजूने. शिरेतून तीव्र मिठाचं सलाइन किंवा मॅनिटॉल देतात. रक्त दाट होतं आणि मेंदूतलं पाणी रक्ताकडे ओढलं जातं. पण त्यासाठी रुग्ण वेळेत पोचायला हवा. पडलेला माणूस उठतो, ‘काही नाही झालं’ म्हणतो, घरी चालत येतो. सूज मात्र तासातासाने वाढत असते. पुन्हा पुन्हा उलटी, वाढती डोकेदुखी, बोबडं बोलणं, झटके, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसणं किंवा हलवूनही नीट जाग न येणं, यांतलं एकही दिसलं तर ‘झोपू दे, सकाळी बघू’ म्हणू नका. १०८ला फोन करा, रात्रीच सिव्हिल हॉस्पिटल गाठा.