मूळचा भाग कीं बाजारचा?

माझ्या मेजावर कागद उडूं नयेत म्हणून एक वजन ठेवलेलें असतें. तें पितळेचें नाहीं कीं कांचेचेंहि नाहीं. तो मोटारसायकलचा एक जळका पिस्टन आहे, ज्याला आमच्या शाळेच्या पुस्तकांत दट्ट्या म्हणत. त्याच्या एका अंगाला उभे ओरखडे आहेत आणि एका ठिकाणीं धातु वितळून पसरल्यासारखा दिसतो. घरीं येणारे पाहुणे तो उचलून पाहतात व हा काय प्रकार म्हणून विचारतात. आजचें माझें भाषण म्हणजे त्या प्रश्नाचें जरा लांबलेलें उत्तर आहे.

निमित्त घरचेंच झालें. माझ्या पुतण्यानें अमरावतीस एक जुनी यामाहा आर. एक्स. १०० विकत घेतली. ही गाडी आपल्या देशांत १९८५ सालीं आली आणि १९९६ सालीं निघावयाची बंद झाली. तरी तिचे भक्त कमी झाले नाहींत. नाशिक-पुण्याकडे मातीवरच्या शर्यती होतात, त्या पाहून या मुलानेंहि मनाशीं घेतलें कीं, गाडीला जाड गट्ट्यांचे टायर लावावे आणि परतवाड्याच्या अलीकडील पांदणींतून, धुऱ्यांवरून ती पिटाळावी. (व्याघ्रप्रकल्पाच्या हद्दींत पाऊल टाकावयाचें नाहीं, ही अट मीं आधींच घालून ठेवली आहे.) इंजिन मात्र पार थकलेलें होतें. तें उघडून नव्यानें बांधावयाचें ठरलें, आणि घरांत वाद सुरू झाला. पुतण्या म्हणे, "काकाजी, सारं ओरिजिनलच टाकाचं!" त्याचे वडील, म्हणजे माझे धाकटे बंधु, ज्यांच्या खिशांतून पैसे जावयाचे होते, ते म्हणत, "लोकलमध्यें काय वाईट आहे? तिसऱ्या हिश्शांत काम होतें." शेवटीं दोघेहि मजकडे आले; कारण या वादांत मी पूर्वीं एकदां पडलेला आहें, आणि तेंहि अक्षरशः.

तें साल १९९३. मेळघाटांतील एका गांवीं मी शिक्षक होतों आणि माझ्यापाशीं राजदूत होती. पोलंडमधील एका गाडीच्या नमुन्यावर बेतलेली ही गाडी वऱ्हाडांत दूधवाल्यांपासून गुरुजींपर्यंत सर्वांची. तिचें इंजिन उतरलें, म्हणून मीं एका शहरांतील एका दुकानांतून (दोहोंचीं नांवें घेत नाहीं) एका नामांकित कारखान्याच्या डब्यांतला पिस्टन बऱ्याच कमी किंमतींत आणला. डबा हुबेहूब होता. तीन आठवडे गाडी उत्तम चालली. मग एके दिवशीं तापानें फणफणलेल्या एका कोरकू विद्यार्थ्याला मागें बसवून मी धारणीच्या दवाखान्याकडे निघालों. हरिसालच्या पुढें एका चढावर गाडीनें कण्हल्यासारखा आवाज केला आणि मागचें चाक कोणीं दोरानें बांधावें तसें जागच्या जागीं थांबलें. आम्ही दोघेहि धुळींत. बांबूच्या एका ट्रकानें आम्हांस धारणीस पोंचविलें. मुलगा बरा झाला. माझ्या गुडघ्यावर खूण राहिली. क्लचचा दांडा त्याच क्षणीं दाबला असता तर चाक मोकळें झालें असतें, हें मला मागाहून कळलें. टू-स्ट्रोक गाड्या चालविणाऱ्या जुन्या मंडळींचीं दोन बोटें नेहमीं त्या दांड्यावर टेकलेलीं असतात, तीं कांहीं उगाच नव्हत.

तर तो पिस्टन अडकला कां? गोळा आणि कडें यांचा प्रयोग आपण शाळेंत पाहिलाच असेल. थंड गोळा कड्यांतून जातो, तापविला कीं अडतो. इंजिनांत गोळ्याच्या जागीं पिस्टन आणि कड्याच्या जागीं सिलिंडर. फरक एवढाच कीं, येथें गोळा व कडें दोन्ही तापतात, आणि दोन्ही वेगवेगळ्या प्रमाणांत फुगतात. पिस्टन ॲल्युमिनियमचा, सिलिंडराचें आंतलें अस्तर बिडाचें. आणि ॲल्युमिनियम बिडाच्या सुमारें दुपटीनें फुगतें. हें फुगणें आंवरावें म्हणून चांगला कारखाना पिस्टनच्या धातूंत शेंकडा बाराच्या आसपास सिलिकॉन मिसळतो.

मास्तर म्हणून एक ढोबळ हिशेब मांडल्यावांचून मला राहवत नाहीं. आर. एक्स.चा पिस्टन ५० मिलिमीटर व्यासाचा. थंड असतांना पिस्टन व सिलिंडर यांमध्यें ०.०४५ मिलिमीटर फट ठेवली आहे, असें समजूं. आतां दोन्ही ८० अंशांनीं तापले. बिडाचा सिलिंडर ०.०४४ मिलिमीटर फुगला. सिलिकॉन घातलेला पिस्टन ०.०८० फुगला. म्हणजे फट ०.०३६ नें घटली आणि ०.००९ उरली; तेवढ्यांत तेलाचा पातळ थर मावतो आणि काम चालतें. पण कोणी भंगारांतलें ॲल्युमिनियम तसेंच ओतून पिस्टन केला असेल, तर तो ०.०९२ फुगेल. फट घटली ०.०४८ नें, होती ०.०४५. उरलें काय? ऋण तीन सहस्रांश! माणसाच्या केसाच्या जाडीहून कितीतरी लहान हा आंकडा. पण हरिसालच्या चढावर मी त्यानेंच पडलों. शिवाय चांगला पिस्टन पूर्ण गोल नसतो. तो जरासा लंबगोल घडविलेला असतो व माथ्याकडे किंचित् निमुळता असतो, कारण माथा अधिक तापतो. नक्कल करणाऱ्याला डब्याचें चित्र साधतें. ही घडण साधत नाहीं.

एवढें ऐकून पुतण्या विजयी मुद्रेनें वडिलांकडे पाहूं लागला. परंतु त्याचेंहि म्हणणें जसेंच्या तसें खरें नाहीं. गाडीवर ज्यांचें नांव असतें ते कारखानदार सर्व भाग स्वतः घडवीत नसतात. पिस्टन, रिंगा, बेअरिंगें, चेन, प्लग हीं कामें त्या त्या वस्तूच्या कारखान्यांकडे असतात. गाझियाबादची श्रीराम पिस्टन्स ही संस्था गाड्यांच्या कारखान्यांना पिस्टन पुरविते आणि 'उषा' या नांवानें तेच पिस्टन बाजारांतहि विकते. जयपूरचीं एन. बी. सी. बेअरिंगें गाडीच्या कारखान्यांतहि जातात व दुकानाच्या फळीवरहि असतात. तेव्हां आपण ज्याला सरसकट 'बाजारचा' म्हणतों, त्यांत निदान तीन जाती आहेत. एक, मूळ पुरवठादारानें आपल्याच नांवानें विकलेला माल. तो बहुधा मूळच्या तोडीचा असतो व स्वस्त पडतो, कारण वरच्या डब्याची किंमत त्यांत नसते. दुसरी, दुसऱ्या एखाद्या कारखान्यानें आपल्या नांवानें व आपल्या जबाबदारीवर बनविलेला माल. हा कधीं उत्तम, कधीं बेताचा, पण प्रामाणिक. तिसरी, दुसऱ्याचें नांव छापून विकलेली नक्कल. ही केवळ वाईट वस्तु नव्हे. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यानें तो शिक्षेस पात्र असा गुन्हा आहे. माझ्या मेजावरचें वजन या तिसऱ्या जातीचें.

आणि मूळच्या भागांविषयीं एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानांत येत नाहीं. जी गाडी १९९६ सालीं बंद झाली, तिचा मूळचा म्हणून सीलबंद भाग आज कोणी मोठ्या अभिमानानें पुढें केला, तर तो पंचवीस-तीस वर्षें कोठें तरी पडून होता, हें त्यांत आलेंच. पोलादाचें बेअरिंग तेलाच्या कागदांत राहिलें असेल तर त्याला काळाची तमा नाहीं. रबराचें तसें नव्हे. आमच्या पुतण्यानें दामदुप्पट मोजून क्रँकचीं जुनीं 'ओरिजिनल' तेलसीलें मिळविलीं होतीं. मीं तें सील अंगठ्यानें दाबलें, तर त्याची कड भाकरीच्या वाळल्या पापुद्र्यासारखी कडक! असें सील बसविण्यापेक्षां चांगल्या नांवाचें यंदाच घडलेलें बाजारचें सील शतपटीनें बरें.

या सिलांविषयीं थोडें थांबून सांगितलें पाहिजे, कारण तीं दिसावयास क्षुद्र आणि करणीनें भयंकर असतात. टू-स्ट्रोक इंजिनांत पेट्रोल व हवा यांचें मिश्रण आधीं क्रँकच्या पेटींत येतें आणि तेथून वर सिलिंडरांत ढकललें जातें. म्हणून ती पेटी सर्व बाजूंनीं हवाबंद असावी लागते. क्रँकच्या दोन टोकांना दोन सीलें. आर. एक्स.मध्यें उजवें सील गिअरच्या बाजूला. तें गळलें तर इंजिन गिअरचें तेल ओढून पांढरा धूर सोडतें. म्हणजे तें बिचारें ओरडून तरी सांगतें. डावें सील मॅग्नेटोच्या मागें. तें गळलें तर धूर नाहीं, थेंब नाहीं. गुपचूप जादा हवा आंत येते, मिश्रणांत पेट्रोल व तेल दोन्ही कमी पडतात, इंजिन अति तापतें, आणि मग उत्तम, अस्सल, दामदुपटीचा पिस्टनहि माझ्या मेजावर येण्याच्या लायकीचा होतो. मालक म्हणतो, पिस्टन खराब निघाला!

गृहिणींना हें तत्त्व शिकवावयास नकोच. प्रेशर कुकरची मूठ तुटली तर त्या बोहारणीच्या शेजारच्या दुकानांतून कोणतीहि आणतात. सुरक्षा-झडप मात्र पाहून, विचारून, नांवाची आणतात. तेंच येथें. आरसा, मडगार्ड, सायलेन्सरची जाळी हीं बाजारचीं चालतील. मोडलीं तर रस्त्याच्या कडेला उभें राहण्यापलीकडे फारसें कांहीं व्हावयाचें नाहीं. ब्रेकच्या पट्ट्या मात्र मी या यादींत घालणार नाहीं. इंजिनच्या पोटांतले भाग, म्हणजे कनेक्टिंग रॉड, त्याच्या दोन्ही टोकांचीं सुयांचीं बेअरिंगें, क्रँकचीं बेअरिंगें, पिस्टन, रिंगा व पिस्टनच्या खिळीच्या क्लिपा, येथें नांव नसलेली वस्तु घेऊं नये. ती क्लिप तर एवढीशी तार. पण जुनी काढलेली पुन्हा बसवूं नये, मग ती मूळची कां असेना. सुटली तर सिलिंडराची भिंत खरवडून काढते.

हवेची गाळणी हा आमच्या वऱ्हाडचा खास विषय. काळ्या मातीची उन्हाळ्यांतली धूळ पिठासारखी बारीक, आणि तिच्यांतील वाळूचे कण पिस्टनला पॉलिशकागदासारखे घांसतात. अकोल्याला मे महिन्यांत काय हवा असते तें सांगावयास नको. स्वस्त गाळणीचीं छिद्रें मोठीं असतात. तिच्यांत वाचलेले पैसे सिलिंडराच्या बोअरिंगला व्याजासह द्यावे लागतात.

आमचे मिस्त्री अकोल्याचे, जुने. ते दोघांचेंहि ऐकून घेत होते. मग म्हणाले, "गुरजी, डब्ब्यावर नोका जाऊ, मापावर जा." त्यांनीं सांगितलेल्या दोन परीक्षा मला फार आवडल्या. पहिली रिंगेची. नुसती रिंग सिलिंडरांत घालावयाची, पिस्टननें ढकलून सरळ करावयाची आणि तिच्या दोन टोकांमधली फट फीलर गेजच्या पात्यानें मोजावयाची. एवढ्या बोअरला ती ०.१५ ते ०.३० मिलिमीटरच्या आसपास असावी. कमी असली तर तापल्यावर टोकें एकमेकांस भिडून रिंग मोडते. फार असली तर दाब निसटतो. पिस्टनच्या खांचेंत रिंग फिरूं नये म्हणून जी बारीक मेख असते, तीहि पाहावयाची. ती सैल असली तर रिंगेचें टोक सिलिंडराच्या खिडकींत अडकतें.

दुसरी परीक्षा वजनाची. क्रँकचा तोल मूळच्या पिस्टनच्या वजनावर बेतलेला असतो. जड पिस्टननें गाडी थरथरते आणि बेअरिंगें लवकर जातात. जुना मूळचा पिस्टन धुऊन पुसून आणि नवा घेऊन मी आमच्या ओळखीच्या सराफाकडे गेलों. त्यानें आधीं माझ्याकडे पाहिलें, मग पिस्टनकडे. काट्यावर दोन्ही चढले. दुकानांत बसलेल्या एक बाई मंगळसूत्र मोडावयास आल्या होत्या, त्याहि कुतूहलानें पाहूं लागल्या. नवा पिस्टन, पुरवठादाराच्या स्वतःच्या डब्यांतला, जुन्याच्या जवळपास बरोबरीचा भरला. तो घेतला.

शेवटीं असें झालें: रॉड व बेअरिंगें नांवाचीं, पिस्टन पुरवठादाराचा, सीलें नवीं बाजारचीं पण प्रसिद्ध कारखान्याचीं, आरसे-मडगार्ड माझ्या बंधूंच्या मर्जीप्रमाणें. सिलिंडराचें बोअरिंग नवा पिस्टन हातांत आल्यावर, त्याचें माप घेऊन केलें. आधीं बोअर करून मग पिस्टन शोधण्याची पद्धत मिस्त्रींना मान्य नाहीं. आर. एक्स.ला तेलाचा वेगळा पंप असतो; त्याची तार बसवून त्यांतून तेल येतें कीं नाहीं, हें गाडी सुरू करण्यापूर्वीं पाहिलें, कारण तें न पाहिल्यानें नवीं इंजिनें पहिल्या मैलांत गेलेलीं त्यांनीं पाहिलीं आहेत.

परवां पुतण्यानें ती हळूहळू, मुठीला फारसा पीळ न देतां, परतवाड्यापर्यंत नेऊन आणली. परत आल्यावर मिस्त्रींच्या सांगण्यावरून प्लग काढून पाहिला. रंग विटकरी होता, जसा असावा तसा. मीं माझा जुना पिस्टन त्याला दाखवून पुन्हा मेजावर ठेवला आणि क्लचवर दोन बोटें ठेवून चालवीत होतास ना, एवढें विचारलें. तो हंसला. होता कीं नव्हता, तें त्यानें सांगितलें नाहीं.