वॉरंट शिळं होत नाही

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण चढावीच लागली, तर नीट उतरायची कशी, हे कोणी सांगत नाही. अमळनेर, धरणगावकडे वकिली करताना मला दर वर्षी अशी एखादी बाई भेटतेच, जिच्या नावे सुरतच्या कोर्टातलं वॉरंट असतं आणि तिला त्याचा पत्ताच नसतो.

आपल्या खानदेशातल्या कितीतरी घरांची सोयरीक उधना, लिंबायतकडे. तिकडची मुलगी सून होऊन इकडे येते. संसारात बिनसलं की माहेरी जाते आणि तिथेच ४९८-अ ची फिर्याद देते. तसं करायला कायद्याची आडकाठी नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली ते स्पष्टच केलंय. आरोपींत नवरा, सासू, सासरे आणि बरेचदा लग्न होऊन गेलेली नणंदही असते. फिर्याद खरी की खोटी, हा आजचा विषय नाही. कित्येक अगदी खऱ्या असतात.

माझी एक अशील अशीच नणंद. २०१८ मध्ये तिला सुरतच्या कोर्टात जामीन मिळाला. उधन्याचे मावसोबा जामीनदार राहिले. भुसावळ-सुरत गाडीने चार-पाच तारखा तिने इमानदारीने केल्या. मग दिवस गेले, डॉक्टरांनी प्रवास बंद केला. भावाचे वकील म्हणाले, "मी अर्ज देतो, तुम्ही येऊ नका." पुढे नंदुरबारला दोन्हीकडची चार माणसं बसली, तडजोड झाली, संमतीने फारकत झाली. वहिनीचं दुसरं लग्नही झालं. सगळ्यांनी सुटकेचा नि:श्वास टाकला. केस संपली!

ती संपली नव्हती. गेल्या वर्षी हवालदार तिच्या सासरी दारात उभे राहिले. अजामीनपात्र वॉरंट. सासूबाईंना अशी काही केस होती हेच मुळी माहीत नव्हतं. मुलगी शाळेतून यायची वेळ. "मी काय चोरी करेल शे का, ताई?" फोनवर एवढंच बोलून ती रडायला लागली. नशिबाने हवालदार ओळखीचे. दोन दिवसांत सुरतच्या कोर्टात हजर व्हा, म्हणून बजावून गेले. प्रत्येकीला असे हवालदार भेटतीलच असं नाही.

झालं काय होतं? ४९८-अ हा सरकारविरुद्धचा गुन्हा मानतात. फिर्यादीने "माझी तक्रार नाही" म्हटलं तरी केस आपोआप मिटत नाही. तडजोडीचे कागद घेऊन उच्च न्यायालयातून ती रद्द करून आणावी लागते. फारकतीचा हुकूम वेगळा, ही केस वेगळी. इथे कोणीच ते केलं नाही. वकिलांचा गैरहजेरी माफीचा अर्जही रेकॉर्डवर सापडला नाही. तारखा पडत राहिल्या, आधी जामीनपात्र वॉरंट निघालं, मग अजामीनपात्र. मावसोबांना जामिनाच्या रकमेची नोटीस आली, ती त्यांनी भावाकडे दिली, भावाने वकिलांकडे. नोटीस तिथेच राहिली.

नवापूरच्या स्टेशनावर एक बाक आहे, अर्धा महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातमध्ये. फोटो काढायला मजा येते, पण वॉरंटाला ती रेघ दिसत नाही. ते भारतात कुठेही बजावता येतं. आणि काढणाऱ्या कोर्टाने रद्द करेपर्यंत किंवा त्याची अंमलबजावणी होईपर्यंत ते जिवंत राहतं. जुन्या संहितेत हे कलम ७० होतं, १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या संहितेत ७२ आहे. वर्षं उलटली म्हणून ते विरत नाही. त्यापुढची पायरी म्हणजे फरारी असल्याचा जाहीरनामा आणि मालमत्तेची जप्ती.

अटक झालीच, तर परराज्यातले पोलीस तुम्हाला थेट गाडीत घालून नेऊ शकत नाहीत. वॉरंट काढणारं कोर्ट इतकं लांब असेल तर आधी इथल्या मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावं लागतं. बाईला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करायची नाही, असा नियम आहे. अगदीच अपवाद असेल तर महिला अधिकाऱ्याने मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी घ्यायची. (आणि हो, व्हिडिओ कॉलवर वॉरंट दाखवून पैसे मागणारा तो पोलीस नव्हेच. फोन ठेवून द्या.)

आम्ही अटकेची वाट पाहिली नाही. ती, तिची आई आणि भाऊ, तिघांच्याही नावे वॉरंट होतं. तिघं पहाटे सुरतला उतरली. बाळंतपणाची फाइल, डिस्चार्ज कार्ड, फारकतीच्या हुकुमाची नक्कल, सगळं बरोबर. तिथल्या वकिलामार्फत वॉरंट रद्द करण्याचा अर्ज दिला. स्वत:हून आलेल्या माणसाकडे कोर्ट वेगळ्या नजरेने पाहतं, हा माझा अनुभव. दुपारपर्यंत बसवून ठेवलं, दंड भरून घेतला, नवा जामीनदार मागितला आणि वॉरंट रद्द केलं. पुढच्या तारखांना वकिलामार्फत हजेरीची परवानगीही मागून घेतली. तशी तरतूद कायद्यात आहे, फक्त अर्ज खरोखर दिला का, ते आपण पाहायचं. ई-कोर्ट्‌सच्या संकेतस्थळावर केसचा सोळा अंकी सीएनआर नंबर टाकला की पुढची तारीख घरबसल्या दिसते.

वकिलाला पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. १९८७ च्या कायद्याने कोणत्याही बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन १५१००.

तिच्या भावाने आता अहमदाबादला उच्च न्यायालयात केस रद्द करण्याचा अर्ज केलाय. पहिली वहिनी संमती द्यायला स्वत: आली, नवऱ्यासोबत. वॉरंट रद्द झाल्याच्या हुकुमाची नक्कल आम्ही इथल्या पोलीस ठाण्यात देऊन पोच घेतली, कारण तिथल्या वहीत जुनी नोंद तशीच होती. दुसरी नक्कल तिने सासूबाईंच्या हातात दिली.