सेन्सर बदलला, तरी दिवा का लागतो?

पार्किंगमध्ये गाडी वळवताना इंजिनाचा आवाज एकदम खाली बसतो, गाडी थरथरते, कधी बंदही पडते. रस्त्याला लागली की तीच गाडी काही झालेच नाही अशी धावते. डॅशबोर्डवर ‘चेक इंजिन’चा पिवळा दिवा मात्र लागलेला असतो. गॅरेजमध्ये स्कॅनर जोडला की पी ०५५० किंवा त्याच्या शेजारचा एखादा कोड दिसतो आणि ‘पॉवर स्टिअरिंगचा सेन्सर गेला’ असा निकाल दोन मिनिटांत लागतो. नवा सेन्सर बसतो, पैसे जातात आणि थोड्याच दिवसांत दिवा पुन्हा लागतो.

तेलाच्या दाबावर चालणारे पॉवर स्टिअरिंग फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकी इंजिनिअरने १९२०च्या दशकात तयार केले. विक्रीच्या मोटारीत ते प्रथम आले १९५१ साली, क्रायस्लरच्या ‘इम्पीरियल’मध्ये. इंजिनावरून पट्ट्याने फिरणारा पंप तेलाला दाब देतो आणि तो दाब चाके वळवायला मदत करतो. गाडी जागेवर उभी असताना टायर जमिनीवर घासत वळतात, म्हणून जोर सर्वांत जास्त तेव्हाच लागतो. नेमके त्याच वेळी इंजिन मिनिटाला जेमतेम ७००-८०० फेऱ्यांवर रेंगाळत असते. पंपाचा भार अंगावर आला की ते दमते. दाब वाढल्याची वर्दी संगणकाला आधीच द्यायची, म्हणजे तो इंजिनाला थोडी जास्त हवा आणि इंधन देतो, एवढेच या सेन्सरचे काम.

वर्दी पोहोचली नाही तर काय होते, हे गाडीनुसार बदलते. काही गाड्यांचा संगणक फेऱ्या घटताना पाहून स्वतःच सावरून घेतो. तिथे नुसता दिवा लागतो. काहींत इंजिन बंद पडते, आणि ते भर चौकात वळताना पडले तर प्रकरण गंभीर होते. पंप थांबल्याने स्टिअरिंग एकदम जड होते आणि ब्रेकला मिळणारी मदतही एक-दोन वेळा पॅडल दाबण्यापुरतीच उरते.

आता कोडकडे नीट पाहावे. पी ०५५० म्हणजे या सेन्सरच्या ‘सर्किट’मध्ये बिघाड. पी ०५५२ म्हणजे संदेशाचा व्होल्टेज फार कमी, पी ०५५३ म्हणजे फार जास्त, पी ०५५४ म्हणजे मधूनच येणारा-जाणारा. सर्किट म्हणजे एकटा सेन्सर नव्हे. तारा, कपलर, अर्थिंग आणि संगणकाची पिन हे सगळे त्यात आले. थर्मामीटरने ताप दाखवला म्हणून कोणी टायफॉइडची औषधे सुरू करत नाही. इथे मात्र तसेच होते.

चांगला मेकॅनिक सुरुवात डोळ्यांनी करतो. टाकीत तेल पुरेसे आहे का, पट्टा घसरतो का, सेन्सरभोवती तेल झिरपते का? कपलर उघडला की अर्धी उत्तरे तिथेच सापडतात : आत शिरलेले तेल, पिनांवर चढलेला हिरवट गंज, वाकलेली पिन. पावसाळ्यानंतर किंवा गाडी बरेच दिवस उभी राहिली असेल तर उंदरांनी कुरतडलेली वायरही.

मग मल्टिमीटर. काही गाड्यांत साधा चालू-बंद स्विच असतो. स्टिअरिंग वळवल्यावर तो आपली स्थिती बदलतो की नाही, एवढेच पाहायचे. दाब मोजणाऱ्या सेन्सरला बहुधा तीन तारा असतात. एकीवर संगणकाकडून ५ व्होल्ट येतात, दुसरी अर्थची आणि तिसरी संदेशाची. इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग वळवले की संदेशाचा व्होल्टेज सलग वाढायला हवा आणि सोडल्यावर उतरायला हवा. स्टिअरिंग टोकाला नेऊन काही सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवू नये, पंप तापतो.

सर्वांत जास्त फसवते ती अर्थची तार. ती तुटली की संदेश कमी व्हावा असे वाटते, पण बऱ्याच सेन्सरांत तो उलट वर चढतो आणि पी ०५५३ येतो. सेन्सर निर्दोष असूनही तोच बदलला जातो. शिवाय एकाच धाग्यावर तगलेली तारही मीटरला पूर्ण व्होल्टेज दाखवते, कारण मीटर जवळजवळ काहीच प्रवाह ओढत नाही. म्हणून सर्किट चालू असताना सेन्सरची अर्थ पिन आणि बॅटरीचे ऋण टोक यांमधला फरक मोजावा. तो शून्याच्या अगदी जवळ असायला हवा.

५ व्होल्टची तार पुष्कळदा इतर सेन्सरांनाही वाटून दिलेली असते. दोन-तीन सेन्सरांचे कोड एकदम आले तर तेवढे सेन्सर एकाच दिवशी मेले असे समजण्यापेक्षा ही सामाईक तार तपासणे शहाणपणाचे. तिन्ही तारा ठीक निघाल्या, व्होल्टेज मिळतो, अर्थ पक्की आहे आणि तरीही स्टिअरिंग वळवल्यावर संदेश हलत नाही, तेव्हा सेन्सरवर संशय घ्यावा. तोही पंपाचा दाब वेगळ्या गेजने पाहून. दाबच तयार होत नसेल तर सेन्सर बिचारा खरेच सांगत असतो.

अलीकडच्या बहुतेक लहान गाड्यांत स्टिअरिंगला विजेची मोटर मदत करते. तिथे ना तेल, ना हा सेन्सर. त्यामुळे त्यांचे कोड आणि तपासणी दोन्ही वेगळी. गाडी कोणत्या प्रकारची आहे हे बॉनेट उघडून स्टिअरिंग तेलाची टाकी शोधली की बहुधा लगेच कळते.