मातीच्या आकड्यांची प्रतबंदी

राज्य मंत्रिमंडळाने २०२५ च्या जूनमध्ये महाॲग्री-एआय धोरणास मंजुरी दिल्यापासून उपग्रह, ड्रोन आणि संगणकी सल्ला यांचे गुणगान इतके चालले आहे की, ज्या मातीविषयी हा सल्ला द्यावयाचा तिचे आकडे कोण आणि कोणत्या रीतीने काढतो, हा नीरस पण मूळचा प्रश्न अडगळीत पडला आहे. खेड तालुक्यातील महाळुंग्यास तो विशेष बोचतो. येथील कारखान्यांत मोटारीचा सुटा भाग मायक्रोमीटरने मोजतात आणि तो मायक्रोमीटरही प्रमाणित मापाशी ताडून पाहिल्याचा दाखला दप्तरी ठेवावा लागतो. कुंपणापलीकडच्या कांद्याच्या वावरातील मातीच्या आकड्यास मात्र असा दाखला कोणी मागत नाही.

सेंद्रिय कर्बाचेच पाहा. वॉकली आणि ब्लॅक यांच्या १९३४ सालच्या पद्धतीत मातीतील सगळा कर्ब हाती लागत नाही, सरासरी ७७ टक्केच लागतो, म्हणून आलेल्या आकड्यास १.३ ने गुणण्याची रीत आहे. एका प्रयोगशाळेने गुणले आणि दुसरीने तसेच सोडले, तर तीच माती एकीकडे ०.५२ टक्के म्हणजे ‘मध्यम’ आणि दुसरीकडे ०.४० टक्के म्हणजे ‘कमी’ ठरते, आणि नत्राची मात्रा पुष्कळदा याच आकड्यावरून ठरते. स्फुरदाचे प्रकरण याहून बिकट. भीमाशंकराकडील आम्ल तांबड्या मातीस ब्रे यांचा द्राव चालतो. चुनखडीच्या काळ्या जमिनीत त्यातील आम्ल चुन्यावरच खर्ची पडते, म्हणून तेथे ओल्सेन यांचा बायकार्बोनेटचा द्राव घ्यावा लागतो. या दोहोंचे आकडे एकाच रकान्यात मांडून त्यांवर संगणक चालविणे म्हणजे शुद्ध धाडस होय.

मातीसारख्या चंचल वस्तूस एक माप लावता येत नाही, असे म्हणणारांनी याच पुणे जिल्ह्याचे जुने दप्तर चाळावे. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५-३६ च्या सुमारास इंदापुरात जी पाहणी आरंभिली आणि जिचे नियम १८४७ च्या संयुक्त अहवालात बांधले गेले, तिच्यात जमिनीच्या ३ जाती, खोलीप्रमाणे ९ प्रती, चुनखडी, वाळू, उतार, पाणथळपणा अशा ७ दोषांपैकी प्रत्येकामागे एकेक प्रत खाली, आणि अखेरीस सोळा आण्यांच्या हिशेबात उतरणारी किंमत, असा चोख बंदोबस्त होता; शिवाय प्रतबंदी करणाऱ्या कारकुनाचे काम वरचा अंमलदार शेतात जाऊन पुन्हा पडताळून पाही. हेतू सारावसुलीचा होता, हे खरे. परंतु महसूल बुडण्याच्या भयाने जी शिस्त आली, ती शेतकऱ्याच्या हितासाठी अद्याप येऊ नये, हे मला तरी चमत्कारिक वाटते.

१९ फेब्रुवारी २०१५ रोजी सुरतगड येथून सुरू झालेल्या जमीन आरोग्य पत्रिका योजनेने १२ गुणधर्मांची एकच यादी साऱ्या देशास दिली, याचे श्रेय तिला द्यावयास हवे. परंतु जिरायतीत १० हेक्टरांमागे एक नमुना, या तिच्या मूळ गणितामुळे, २५ एकरांत अनेक खातेदार नांदणाऱ्या आपल्या गावांत शेजाऱ्याच्या मातीचा निकाल आपल्या नावावर चढतो. अन्न व कृषी संघटनेने २०१७ साली मृदा प्रयोगशाळांचे जागतिक जाळे उभारले. त्यात कार्यपद्धतींच्या संहिता लिहिल्या जातात आणि एकच नमुना अनेकांकडे धाडून निष्कर्ष ताडले जातात. आपल्याकडे महाॲग्री-एआय धोरणासाठीच्या ५०० कोटींच्या तरतुदीतून ड्रोन घेण्यापूर्वी प्रत्येक आकड्याशेजारी पद्धतीचे नाव आणि गुणक लावला किंवा नाही याची नोंद सक्तीची करावी, आणि प्रयोगशाळांस अधूनमधून निनावी नमुने पाठवावेत. खर्च येईल तो थोड्या पिशव्यांचा, टपालाचा आणि पत्रिकेतील एका जादा रकान्याचा.